दोन फुटी फिशटँकचा ‘फुल सेट’: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

हे परीक्षण कोणा एका कंपनीच्या मालाचे नाही. शोभेच्या माशांच्या बहुतेक दुकानांत दाराशीच जो संच मांडून ठेवलेला असतो आणि दुकानदार ज्याला ‘फुल सेट’ म्हणतात, त्याचे आहे. दुकानागणिक त्यातील फिल्टरचा छाप आणि खड्यांचा रंग बदलतो, एवढाच फरक. मी डोंबिवलीत घेतलेल्या संचात दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी, एलईडी दिवा बसवलेले प्लॅस्टिकचे झाकण, पाण्यात बुडवून लावायचा फिल्टर, पाच किलो निळे खडे, प्लॅस्टिकची तीन झाडे, बुडबुडे सोडणारा एक शोभेचा पाणबुड्या, खाद्याची पुडी, क्लोरीन घालवण्याचे औषध, एक निळे औषध आणि ‘सहा मासे मोफत’ असे छापलेली चिठ्ठी, एवढ्या वस्तू होत्या. लोखंडी स्टँड सोडून या सगळ्याचे ३,४०० रुपये झाले.

फिशटँकबद्दलचे मत पहिल्या आठवड्यात देऊ नये, असे मला वाटते. टाकी पहिल्या दिवशी जितकी सुंदर दिसते तितकी पुढे कधीच दिसत नाही, आणि तिचे खरे दोष दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, नेमके खरेदीचा उत्साह ओसरू लागतो तेव्हा, वर येतात. म्हणून चौदा महिने थांबून हे लिहिते आहे. शिवाय हा संच नवख्या माणसासाठीच बनवलेला आहे. ज्याला या छंदाची माहिती आहे तो फुल सेट घेत नाही. तो काच वेगळी, फिल्टर वेगळा, माती वेगळी असे जमवत जातो. तेव्हा संचाची पारख करायची ती नवख्याच्या बाजूनेच केली पाहिजे, आणि त्यासाठी माणसे या छंदात मुळात येतात कशी, हे आधी पाहावे लागते.

माझी सुरुवात मुरंब्याच्या रिकाम्या बरणीतून झाली. चाळीमागच्या उघड्या गटारात गप्पी मासे असत. चहाच्या गाळणीने ते पकडायचे, बरणीत घालायचे, वर पोळीचा चुरा टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गढूळ झालेल्या पाण्याकडे पाहून आईची बोलणी खायची, असा तो क्रम होता. गटारातल्या पाण्यात हे मासे जगतात आणि आपल्या स्वच्छ बरणीत मरतात, हे कोडे मला तेव्हा उलगडले नव्हते. माझे वडील फिटर होते. त्यांनी माझा उद्योग पाहून लोखंडी अँगलची चौकट वेल्ड केली आणि खडूची भुकटी व अळशीचे तेल मळून केलेल्या लांबीने तिच्यात काचा बसवल्या. ती टाकी दर पावसाळ्यात एका कोपऱ्यातून गळायची. त्याच सुमारास त्यांनी मला चर्नी रोडला तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेले. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलेले आणि एका पारशी दानशूराच्या देणगीतून उभे राहिलेले हे मत्स्यालय माझ्या पिढीतल्या कितीतरी मुंबईकरांच्या पहिल्या टाकीचे मूळ आहे. तिथून बाहेर पडल्यावर, आपल्यालाही घरी असे काहीतरी हवे, असे वाटले नाही असे मूल मला तरी भेटलेले नाही. बाबा मात्र परतीच्या लोकलमध्ये एवढेच म्हणाले, “त्यांची टाकी गळत नाही, पाहिलंस?”

माझ्या मुलीची सुरुवात निराळी. सोसायटीतल्या एका वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून प्रत्येक मुलाच्या हातात पॉलिथीनच्या पिशवीतले दोन गोल्डफिश देण्यात आले होते. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. आम्ही रात्री धावपळ करून एक गोल काचेचा बाऊल आणला, मासे त्यात सोडले आणि चौथ्या दिवशी दोन्ही गेले. आठ वर्षांच्या मुलीला त्या दिवशी काय उत्तर द्यावे हे मला, रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला, सुचले नाही. वस्तुतः उत्तर रसायनशास्त्रातच होते.

तिसरा मार्ग वास्तूचा. आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ईशान्येला किंवा उत्तरेला ठेवावेत, असा सल्ला अनेक घरांत पाळला जातो. तो पाळणाऱ्या माणसाला माशांचे वेड असतेच असे नाही, पण एकदा टाकी घरात आली की घरातले कोणीतरी तिच्यात गुंतते. चौथा मार्ग सरकारी म्हणावा असा. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गप्पी भारतात १९०८ साली आणले गेले, आणि आजही पालिकांचे मलेरिया विभाग ते विहिरींत, हौदांत सोडतात, मागणाऱ्याला देतातही. टेरेसवरच्या कमळाच्या कुंडीसाठी पाच गप्पी आणले आणि वर्षभरात घरात तीन टाक्या झाल्या, असे आमच्या शाळेतले एक सहकारी आहेत.

यांपैकी कोणत्याही मार्गाने आलेला माणूस पहिला मासा मेल्यावर दोनांपैकी एक गोष्ट करतो: नाद सोडतो, किंवा दुकानात जाऊन ‘नीट, पूर्ण काहीतरी द्या’ म्हणतो. त्याला फुल सेट मिळतो. आम्हीही तेच म्हणालो आणि तोच घेऊन आलो.

आता संचाकडे वळते. त्यातील सर्वांत चांगली वस्तू टाकी आहे, आणि हे मी निःशंकपणे लिहिते. पाच मिलिमीटरची काच, सिलिकॉनचे सांधे एकसारखे, कडा घासलेल्या. चौदा महिन्यांत एक थेंबही गळलेला नाही. बाबांना दाखवायला हवी होती. या मापाच्या टाकीत काठोकाठ भरल्यास सुमारे ५६ लिटर पाणी मावते. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास राहते. बाऊलमध्ये जेमतेम चार-पाच लिटर असते. नवख्याला वाटते की लहान भांडे सोपे, मोठे भांडे अवघड. खरे उलट आहे. चिमूटभर खाद्य जास्त पडले तर पाच लिटरमध्ये जे विष होते ते ४५ लिटरमध्ये नऊपट पातळ होते. गोल बाऊल गळ्यापर्यंत भरला की हवेला भिडणारा पृष्ठभाग आक्रसतो आणि प्राणवायू विरघळायला जागाच उरत नाही. तेव्हा दोन फूट ही नवख्यासाठी कमीत कमी योग्य लांबी आहे. दुकानात त्याच्या निम्म्या किमतीत एक फुटी संचही होता. तो मी कोणालाही सुचवणार नाही.

वजनाचा विचार मात्र संच घेताना कोणी सांगत नाही. पाणी, काच आणि खडे मिळून साठ किलोंच्या आसपास भार होतो. तो टीव्हीच्या पोकळ कपाटावर ठेवण्याची वस्तू नव्हे. टाकीखाली थर्माकोलचा तक्ता घालणे आवश्यक असते, कारण स्टँडवरचा एखादा खडबडीत ठिपकासुद्धा तळाच्या काचेला तडा देऊ शकतो. वीस-तीस रुपयांचा तो तक्ता ‘फुल’ म्हणवणाऱ्या संचात नव्हता, आणि ठिपक्यांनी नटलेला पाणबुड्या मात्र होता.

फिल्टरबद्दल अधिक लिहावे लागेल, कारण माशांचे जगणे-मरणे त्याच्यावर ठरते आणि संचाचा खरा दोषही त्याच्याभोवतीच आहे. मिळालेला फिल्टर म्हणजे एक लहान मोटर आणि तिच्याखाली डबीत बसवलेला स्पंजाचा तुकडा. मोटर पाणी ओढते, स्पंजातून गाळते आणि वरून जोरात फेकते. पहिले चार महिने आवाज नव्हता, नंतर मंद घरघर सुरू झाली. पंखा काढून ब्रशने साफ केला की ती थांबते. एवढे ठीक आहे. सोबतच्या कागदावर मात्र ‘दर आठवड्याला स्पंज वाहत्या नळाखाली स्वच्छ धुवावा’ अशी सूचना छापलेली होती, आणि ही एक ओळ माझ्या मते जितके मासे मारत असेल तितके कोणताही रोग मारत नसेल.

कारण असे. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. अमोनिया माशाला जाळतो. टाकीत कालांतराने एक प्रकारचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, ते माशाच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावते. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे बऱ्याच प्रमाणात सोसवते आणि पाणी बदलून, वनस्पती लावून कमी करता येते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते खड्यांवर, काचेवर आणि सर्वांत जास्त त्या स्पंजाच्या छिद्रांत चिकटून राहतात. म्हणजे फिल्टर हा गाळणी कमी आणि जिवाणूंची वसाहत जास्त आहे. नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असते, आणि क्लोरीन आपण पाण्यात घालतो तेच मुळी जिवाणू मारण्यासाठी. स्पंज नळाखाली स्वच्छ धुणारा माणूस दर रविवारी आपल्या टाकीची सांडपाणी यंत्रणा स्वतःच्या हाताने बंद पाडत असतो. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, हलका पिळून, आणि तोही फिल्टरचा जोर कमी झाला तरच.

ही वसाहत नव्या टाकीत नसते. ती वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. गटारातले गप्पी जगत होते आणि माझ्या बरणीतले मरत होते, त्याचे उत्तर हेच: गटाराच्या भिंतीवर वर्षांनुवर्षे जमलेला बुळबुळीत थर होता, पाण्याला वाहण्याची वाट होती आणि माझ्या बरणीत फक्त स्वच्छता होती. मुलीच्या बाऊलमध्येही फक्त स्वच्छता होती.

आता ती चिठ्ठी. ‘सहा मासे मोफत’ या शब्दांखाली बारीक अक्षरांत ‘खरेदीच्या दिवशीच’ असे होते. मी काउंटरवर म्हणाले, की मासे महिन्याने नेईन. त्यावर मिळालेले उत्तर मी जसेच्या तसे देते: “ताई, फिल्टर लावला की झालं. उद्या पाहिजे तर बदलून देऊ.” या उत्तरात लबाडी होती असे मला वाटत नाही; त्या माणसाला हे कोणी शिकवलेले नसावे, आणि मेलेला मासा बदलून देण्याची तयारी ही त्याच्या दृष्टीने सेवाच होती. पण संपूर्ण व्यवहाराचा पाया इथे उघडा पडतो. मासा हा संचातला खर्चाचा भाग म्हणून धरलेला आहे, झाडे आणि पाणबुड्या टिकाऊ म्हणून. चिठ्ठीवर निवडीसाठी असलेले मासेही पाहण्यासारखे होते: गोल्डफिश, एंजल, ‘शार्क’ आणि ‘सकर’. यातला शार्क म्हणजे खरा शार्क नव्हेच. तो पंगस जातीचा मासा, ज्याचे तुकडे हॉटेलांत बासा म्हणून खपतात, आणि तो चांगला तीन-चार फूट वाढू शकतो. काच साफ करतो म्हणून दिला जाणारा सकर फूटभर तर सहज होतो, आणि टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला तळ्यात नेऊन सोडतात. आपल्याकडच्या जलाशयांत मच्छीमारांची जाळी फाडणारा म्हणून आज त्याची ख्याती आहे. यांपैकी एकही मासा त्या दोन फुटी टाकीत वाढवण्याजोगा नव्हता. एंजलसुद्धा उंच टाकीत शोभतो. मी चिठ्ठी परत केली.

घरी टाकी भरली, फिल्टर लावला आणि मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकत राहिले, म्हणजे ते कुजून अमोनिया तयार व्हावा. शेजारच्या काकूंना आमच्या घरात काहीतरी बिनसले आहे असे वाटले असावे, कारण दिवाणखान्यात दिवा लावलेली रिकामी टाकी आणि तिला रोज खायला घालणारी बाई हे दृश्य त्यांनी आधी पाहिले नव्हते. पाण्याच्या तपासणीसाठी, नमुन्यात थेंब टाकून रंग पाहण्याचा, वेगळा संच घेतला. तो ९०० रुपयांना पडला आणि माझ्या लेखी संपूर्ण खरेदीत तो सर्वांत उपयुक्त ठरला. आठव्या दिवशी अमोनिया २ पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत दोन भागांवर, गेला. सोळाव्या दिवसापासून तो उतरू लागला आणि नायट्राइट चढू लागले. मधले दहा दिवस तर नायट्राइटची परीक्षानळी गडद जांभळीच, म्हणजे प्रमाण फार जास्त, येत होती. छत्तिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०. मुलीने हे सगळे आकडे कॅलेंडरवर लिहिले होते. ‘आई, आता घर तयार झालं?’ असे तिने विचारले, आणि त्याहून नेमकी व्याख्या मला शाळेतही देता आलेली नाही.

संचाने याबद्दल एक अक्षर सांगू नये, याचे मला अधिक वाईट वाटते ते एका कारणाने. घरात टाकी ठेवण्याच्या छंदाची सुरुवातच मुळी या प्रश्नातून झालेली आहे. १८५०च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पाणी न बदलता मासे जगतील का, हे त्याला पाहायचे होते. पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि भांडे सावरले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले आणि पुढची काही वर्षे तिकडच्या मध्यमवर्गीय घरांत टाक्यांची लाट आली. जिवाणूंचे काम वॉरिंग्टनला ठाऊक नव्हते. विनोग्राडस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे करून दाखवायला आणखी चार दशके गेली. पण मासा, वनस्पती आणि कुजणारे पदार्थ यांचा हिशेब एकत्र मांडायचा असतो, एवढे त्याला पहिल्याच टाकीत कळले होते. आमच्या संचात वनस्पती होत्या त्या प्लॅस्टिकच्या.

त्या मी दुसऱ्या महिन्यात काढल्या. व्हॅलिसनेरियाची जुडी साठ रुपयांना मिळाली. आज तिने मागची अर्धी काच व्यापली आहे. तिला ना खत लागते ना वेगळा दिवा. झाकणातला एलईडी दिवा तिच्यापुरता पुरेसा आहे, आणि त्याबद्दल तक्रार नाही. तो आठ तासांहून जास्त चालू ठेवला तर काचेवर हिरवा थर चढतो. टायमर लावायचा विचार करणाऱ्यांनी आधी किंमत विचारावी, तो चारशेला मिळतो. मी रोज हातानेच बंद करते.

निळे खडे पहिल्या धुण्यातच बादलीभर निळे पाणी सोडू लागले. पाच वेळा धुवूनही रंग जाईना, तेव्हा ते बाजूला ठेवून साधी जाड वाळू घातली. पाणबुड्या मुलीच्या हट्टाने राहिला आहे. त्याला हवा देणारा पंप वेगळा घ्यावा लागतो हे घरी आल्यावर कळले. तो पंप घेतला आणि मग त्याच पंपावर दीडशे रुपयांचा साधा स्पंज फिल्टर जोडला, हा माझा या टाकीवरचा सर्वांत चांगला खर्च. स्पंज फिल्टर दिसायला गबाळा: एक काळा स्पंज, मधून नळी, वर बुडबुडे. पण त्यात बिघडण्यासारखे काही नाही, माशाचे पिल्लू ओढले जात नाही आणि तो उघडा असतो. आमच्याकडे दुरुस्तीसाठी सहा-सात तास वीज जाण्याचे दिवस येतात. अशा वेळी बंद डबीतल्या स्पंजात पाणी खेळत नाही आणि जिवाणू गुदमरतात. उघड्या स्पंजात तो धोका बराच कमी. माझा सल्ला स्पष्ट आहे: संचातला मोटरवाला फिल्टर नाकारून त्याऐवजी पंप आणि स्पंज मागावा.

औषधांच्या दोन बाटल्यांपैकी क्लोरीन घालवणारी कामाची आहे. तिच्यातला मुख्य घटक सोडियम थायोसल्फेट, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला हायपो. तो क्लोरीन क्षणात निकामी करतो. पाणी रात्रभर बादलीत उघडे ठेवूनही बऱ्याच अंशी तेच साधते, पण घाईच्या सकाळी बाटली सोयीची. निळी बाटली मेथिलीन ब्लूची. ‘पाणी बदलताना पाच थेंब टाकावेत’ असे तिच्यावर लिहिले आहे आणि ते चुकीचे आहे. हे औषध बुरशीवर उपयोगी असते, आजारी माशाला वेगळ्या भांड्यात ठेवून द्यायचे असते. चालू टाकीत टाकल्यास ते वनस्पतींना आणि त्या जपून वाढवलेल्या जिवाणूंनाही सोसत नाही. माझ्या हातून एकदा दोन थेंब सांडले. टाकीच्या डाव्या कोपऱ्यातले सिलिकॉन तेव्हापासून आकाशी आहे.

खाद्याची पुडी शंभर ग्रॅमची होती. दहा लहान मासे असलेल्या टाकीला ती दोन वर्षे पुरेल, आणि उघडल्यावर सहा महिन्यांत तिचा वास बदलतो. मी ती संपवली नाही. वीस ग्रॅमची डबी घ्यावी आणि दोन मिनिटांत संपेल इतकेच, दिवसातून एकदा घालावे; घरात आजी-आजोबा असतील तर खाद्याची डबी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी, हे मी प्रेमाने लिहिते. हीटर संचात नाही आणि डोंबिवलीत त्याची गरजही पडली नाही. जानेवारीतल्या सर्वांत थंड पहाटे पाणी २२ अंशांवर होते. नाशिक किंवा पुण्यात राहणाऱ्यांनी मात्र पन्नास वॅटचा हीटर लावावा, विशेषतः फायटर (बेटा) मासा ठेवणार असतील तर. फायटर हवेतूनही श्वास घेतो म्हणून तो ग्लासात जगतो असा समज आहे. तो ग्लासात मरायला जास्त दिवस घेतो, इतकेच.

आमच्या टाकीत मासे आले ते दुकानातून नव्हे. सहकाऱ्याच्या कुंडीतले, म्हणजे मूळचे पालिकेचे, पाच गप्पी आले. आमच्या इमारतीत अधूनमधून टँकरचे जड पाणी येते. गप्पींना ते मानवते. मादीला पिल्ले होण्यासाठी दर वेळी नराची गरज नसते, ती शुक्राणू साठवून महिनोन्महिने पिल्ले देऊ शकते, हे वाचून माहीत होते, पण तीन मादी आणि दोन नर यांचे आठ महिन्यांत पन्नासच्या वर मासे झालेले पाहणे वेगळे. मग सहा झेब्रा डॅनिओ आणले. हा मूळचा भारतीय उपखंडातलाच मासा, जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी वापरला जातो, चपळ असतो आणि गप्पींची पिल्ले खातो. मुलीने याबद्दल आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होता. जास्तीचे गप्पी आम्ही ओळखीत वाटतो. कोणत्याही परिस्थितीत ते खाडीत किंवा तळ्यात सोडत नाही. पहिल्या पाचांपैकी एक मादी म्हातारपणाने गेली असावी. एक डॅनिओ उडी मारून बाहेर पडला आणि सकाळी सोफ्याखाली सापडला. टाकीतल्या पाण्याने मेलेला मासा अद्याप एकही नाही.

ती उडी झाकणामुळे झाली. झाकण ही संचातील सर्वांत तकलादू वस्तू. त्याची प्लॅस्टिकची बिजागरी अकराव्या महिन्यात तुटली आणि फट राहिली. सुटे झाकण दुकानात मिळत नाही, नवा संच घ्या म्हणतात. कोपऱ्यावरच्या काचवाल्याने मापाच्या दोन पट्ट्या कापून, कडा घासून १४० रुपयांत दिल्या. दिवा त्यांच्यावर नुसता ठेवला आहे आणि पूर्वीपेक्षा बरा दिसतो.

पाचपैकी गुण द्यायचे तर टाकीला साडेचार, दिव्याला चार, फिल्टरला अडीच, झाकणाला एक, आणि छापील सूचनांना मी शून्य देते. ३,४०० पैकी आज वापरात असलेल्या वस्तूंची किंमत जेमतेम दोन हजार भरते. नुसती टाकी १,४०० ला, पंप-स्पंज पाचशेला, क्लोरीनची बाटली, वाळू, जुडीभर व्हॅलिसनेरिया आणि दिवा असे सुटे घेतले तर तपासणीच्या थेंबांसह हिशेब साधारण संचाइतकाच होतो, पण काहीही माळ्यावर टाकावे लागत नाही. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याला जाण्याची तयारी असेल तर त्याहून कमीत होईल. तिथे सुट्या वस्तू मागणे कोणाला वावगे वाटत नाही. गोल्डफिशच हवे असतील तर हा संच घेऊच नये. एका गोल्डफिशलाही तो लहान आहे, आणि वास्तूचे नऊ गोल्डफिश हवे असणाऱ्यांनी आधी सहा फुटी टाकीचा भाव विचारावा.

गेल्या महिन्यात मुलीच्या मैत्रिणीकडे टाकी आली. त्यांनी सुटे सामान घेतले. आम्ही आमच्या टाकीतला जुना स्पंज ओला तसाच डब्यात घालून दिला, म्हणजे वसाहत तयारच मिळावी. मैत्रिणीच्या आईने डबा उघडून आत पाहिले आणि तो काळा, चिखलट गोळा पाहून विचारले, “हे धुऊन लावायचं ना?” मुलगी माझ्याआधी ओरडली. त्यांच्या टाकीत आठव्या दिवशी अमोनिया शून्य होता. कॅलेंडर आता त्यांच्या स्वयंपाकघरात लागले आहे.